भावोजींचा नाकाने केलेला अभ्यास

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. चौतीस वर्षं हेच काम करत आले आहेत आणि राहतात मात्र तळमजल्यावर. "घरी आल्यावर तरी लिफ्टचं तोंड बघायला नको," असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणते, वरच्या मजल्यावर घर घेतलं असतं तर हा माणूस घरी पोचलाच नसता, वाटेत लिफ्टमध्येच पाना घेऊन बसला असता. मला ताईचं पटतं.

लिफ्टचं काम करणारे बहुतेक लोक कानावर चालतात. कुठे करकर होते, कुठे ठोका पडतो, ते ऐकतात आणि मग हत्याराला हात घालतात. भावोजी नाकावर चालतात. एखाद्या इमारतीत शिरले की दारातच थांबतात, दोनदा हुंगतात आणि सांगतात, "ब्रेकचं अस्तर तापतंय." नाहीतर, "कॉइल जळायला आलीय, आठवडाभर फार तर." आणि ते खरं निघतं, हाच वैताग आहे. एकदा आम्ही सगळे एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. जिन्यात यांचं नाक फुरफुरलं. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले आणि गच्चीकडे गेले. आमचं जेवण होऊन ताटं उचलली तेव्हा काळेकुट्ट हात घेऊन खाली आले आणि यजमानीणबाईंना म्हणाले, "वाचली तुमची लिफ्ट. काही उरलंय का?" ताईने कपाळाला हात लावला. यजमानीणबाईंनी मात्र त्यांना नव्याने वाढलं, कारण त्या सातव्या मजल्यावर राहायच्या आणि त्यांचे गुडघे दुखायचे.

आता असा नाकाचा माणूस, आणि त्याच्या मेहुणीचं दुकान सुगंधी तेलांचं. आमचं सूत जमायला हवं होतं. पण भावोजी माझ्या दुकानाला 'हवेचं दुकान' म्हणत. मी हवा बाटलीत भरते आणि भोळ्याभाबड्यांच्या गळ्यात मारते, असं ते चारचौघांत सांगत. अकरा वर्षांत एकदाही त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. निरोप द्यायला आले तरी फुटपाथवर उभे राहायचे. "आत आलो तर नाक बिघडेल. नाक म्हणजे माझं हत्यार आहे, मेहुणीबाई."

मीही काही कमी नाही. "तुमच्या हत्याराला सर्दी झाली की सुट्टी घ्या," असं मीही ऐकवत असे.

म्हणूनच त्या मंगळवारी दुपारी भावोजी आत आले, टोपी हातात घेऊन, आणि बाटल्यांच्या फळ्यांकडे बघत उभे राहिले, तेव्हा मला वाटलं ताईला काहीतरी झालं.

"ताई बरी आहे," ते म्हणाले. "मला विचारायचं होतं. लक्षात राहण्याचं काही तेल असतं का?"

एरवी मी अशी संधी सोडली नसती. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ जागच्या जागी थांबली. मी स्टूल पुढे केलं. बसले. मग एकेक बाहेर आलं.

कंपनीने नवा नियम काढला होता. लिफ्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लेखी परीक्षा द्यायची. ऐंशी प्रश्न, छप्पन बरोबर आले पाहिजेत. नाही आले तर लिफ्टचं काम बंद, स्टोअरमध्ये बसायचं आणि दुसऱ्यांना नटबोल्ट मोजून द्यायचे. भावोजींनी सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली. आता सत्तावन्न. पुस्तकाचं पान वाचायचे, उलटायचे, की मागचं पान कोरं.

"पण परीक्षेचं जाऊ दे," ते म्हणाले आणि दुकानात दुसरं कुणी नाही याची खात्री करून घेतली. "तीन आठवड्यांपूर्वी मी विसरलो."

काय विसरले ते मला समजावून सांगावं लागलं, म्हणून तुम्हालाही सांगते. लिफ्टचं काम करताना माणूस केबिनच्या टपावर चढतो. टपावर एक लाल बटण असतं. चढण्याआधी दारातूनच हात घालून ते दाबायचं, म्हणजे वरून-खालून कुणी कितीही बटणं दाबली तरी लिफ्ट हलत नाही. न दाबता चढलात आणि कुणाला पाचव्या मजल्यावर जायची लहर आली, तर संपलं. ते बटण दाबायला भावोजी विसरले. एक पाय टपावर ठेवला होता. तेवढ्यात मागून त्यांच्या जोडीदाराचा हात आला आणि त्याने बटण दाबलं.

या जोडीदाराला सगळे घुम्या म्हणतात. सव्वीस वर्षं दोघं बरोबर काम करतात आणि भावोजींच्या हिशेबाने घुम्या दिवसाला सरासरी नऊ शब्द बोलतो, त्यातले पाच 'पाना दे, नको, राहू दे' यांतच जातात. त्या दिवशीही तो काही बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

"तो बोलला असता तर बरं झालं असतं," भावोजी म्हणाले. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा, मेहुणीबाई. माझ्याखाली तो असतो कधी, कधी मी त्याच्याखाली. डोकं शाबूत नसेल तर मला चढायचा हक्क नाही. म्हणून मी ठरवलंय. परीक्षा पास झालो तर डोकं ठीक आहे. नाही झालो तर गपगुमान स्टोअर."

मला एकदम रडू आलं आणि ते लपवायला मी उगाच फडकं घेऊन काउंटर पुसायला लागले. ज्या माणसाने अकरा वर्षं माझ्या धंद्याची टर उडवली, तो आज त्याच धंद्याच्या दारात येऊन स्वतःचं डोकं मागत होता.

मी फटकळ आहे पण खोटारडी नाही. मी त्यांना सरळ सांगितलं की तेल डोक्यात काही घालत नाही. अभ्यास करावाच लागतो. रोझमेरीने लक्ष जरा टिकतं असं काही लोक सांगतात, छोटे-मोठे प्रयोगही झालेत, पण छातीवर हात ठेवून मी काही सांगणार नाही. एक गोष्ट मात्र मी रोज दुकानात बघते. एखादी बाई बाटली हुंगते आणि एकदम म्हणते, अगं बाई, माझ्या शिवणाच्या बाईंच्या कपाटाला हाच वास होता! चाळीस वर्षांपूर्वीचं कपाट, आतल्या रिळांच्या रंगांसकट आठवतं. तेव्हा वाचताना एक वास घ्यायचा आणि आठवताना तोच घ्यायचा, एवढं करून बघा. बिघडणार तर काही नाही.

यातलं त्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. चार बाटल्या निवडल्या. निवडल्या म्हणजे काय, पाऊण तास हुंगत होते. दोर आणि ब्रेक या धड्याला रोझमेरी. विजेच्या धड्याला पेपरमिंट, कारण "झटका बसल्यासारखं वाटतं." दारांच्या धड्याला लिंबू. आणि सुरक्षेच्या नियमांना निलगिरी. मी बजावलं, कापसावर एक थेंब, अंगाला लावायचं नाही, डोळ्यांपासून लांब, खिडकी उघडी.

"एक थेंब म्हणजे किती?"

"एक."

"बरं," म्हणाले, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

संध्याकाळी मी ताईकडे गेले. भावोजींनी ताईला सांगू नकोस म्हटलं होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या घराला माहीत आहे. ताईला आधीच कळलेलं होतं. "तीन आठवडे हा माणूस गॅसचं बटण बंद आहे का म्हणून उठून उठून बघतोय," ती म्हणाली. "घराला कुलूप लावतो आणि कोपऱ्यावरून परत येतो. मला काय डोळे नाहीत?" मग तिने डोळे पुसले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा पसारा आवरून अभ्यासाला जागा केली.

अभ्यास सुरू झाला. ताई पुस्तक घेऊन बसायची, शाळेतल्या बाईंसारखा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर भावोजी, मांडीवर हात. मधे चार बशा, चार बशांत कापसाचे चार बोळे. ताई प्रश्न विचारायची, भावोजी त्या त्या बशीवर वाकायचे, हुंगायचे आणि बोलायला लागायचे. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र गाडी रुळावर आली. रोझमेरी नाकाशी धरली की दोराचे तुटलेले तंतू कसे मोजायचे इथपासून ब्रेकच्या स्प्रिंगपर्यंत सगळं एका दमात. ताईला चहा ठेवायला उठावं लागे, इतकं.

पण एक भानगड झाली, ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. जगात वास काय फक्त बशीतच असतात? भावोजी सकाळी दात घासायला लागले की टूथपेस्टच्या वासाने विजेचा धडा सुरू. तोंडात फेस, हातात ब्रश, आणि "मुख्य पुरवठा खंडित केल्यावाचून..." ताईने काकडीवर लिंबू पिळलं की दारं. "दार पूर्ण मिटल्याखेरीज केबिन हलता कामा नये," असं काकडी खाता खाता. भांडी घासायच्या साबणालाही लिंबाचा वास, त्यामुळे भांडी घासायचं काम ताईने त्यांच्याकडे दिलं. तेवढीच उजळणी, आणि भांडीही होतात.

निलगिरीने मात्र कहर केला. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना सर्दी झाली होती आणि त्यांनी छातीला बाम चोपडलेला. दोघं लिफ्टच्या दारात समोरासमोर आले. भावोजींनी एक श्वास घेतला आणि आजोबांकडे रोखून बघत म्हणाले, "केबिन मजल्यांच्या मधे अडकल्यास घाबरून जाऊ नये. दार जबरदस्तीने उघडू नये. मदत येईपर्यंत शांत राहावे." आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस ते जिन्याने गेले. ताईला वर जाऊन समजूत काढावी लागली आणि येताना आजोबांनी तिलाच विचारलं, "तुमचे यजमान हल्ली बरे असतात ना?"

इथवर सगळं ठीक होतं. पुढे जे झालं ते भावोजींच्या जातीच्या माणसांनाच जमावं.

लिफ्टवाल्यांत एक रीत आहे. जे आपल्याला कळलं ते दुसऱ्यापासून लपवायचं नाही. एखाद्या इमारतीतली पायरी सैल असो, नाहीतर एखादा स्विच उलटा बसवलेला असो, संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं गेलं पाहिजे, कारण उद्या तिथे दुसरा कुणी जाणार. भावोजींनी ही रीत तेलालाही लावली. दुपारच्या डब्याच्या वेळी सगळ्यांसमोर चार बाटल्या मांडल्या आणि पद्धत समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या दुकानात निळ्या पोशाखातली माणसं यायला लागली. एकेक, दोघं दोघं. एकूण तीस. दारात पाय पुसायचे, टोपी काढायचे आणि कुजबुजत म्हणायचे, "लिफ्टच्या परीक्षेचं तेल द्या." घुम्याही आला. त्याने बोट दाखवलं, मी बाटली दिली, त्याने मान डोलावली. शब्द शून्य.

प्रत्येकाला मी तेच सांगितलं. एक थेंब. कापसावर. प्रत्येकाने विचारलं, "एकच?" आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच अविश्वास. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. ही सगळी तेलाच्या डब्याबरोबर आयुष्य काढलेली माणसं. यंत्र कुरकुरलं की तेल घाला, तरी कुरकुरलं की आणखी घाला, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांना एक थेंब सांगणं म्हणजे त्यांच्या अक्कलहुशारीचा अपमानच.

परीक्षा माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका तांत्रिक शाळेत होती. सकाळी साडेनऊला ताईचा फोन. "चष्मा विसरलेत. टेबलावर राहिलाय. मी रिक्षाने पाठवते, तू नेऊन दे." तिचा आवाज कापत होता. मला कळलं ती चष्म्यामुळे घाबरली नव्हती.

चष्मा घेऊन मी शाळेच्या दारात पोचले आणि वास आला. आधी वाटलं, दुकानाचा वास माझ्याच कपड्यांना असेल. जिना चढले तसा तो वाढत गेला. वरच्या व्हरांड्यात तर डोळे चुरचुरायला लागले. एकतीस लिफ्टवाले हॉलमध्ये बसले होते आणि एकतीस जणांसमोर रुमाल होते, तेलात चिंब. एकाने तर चार रुमाल आणले होते, चार खिशांत. कुणाची वीज पेपरमिंटमध्ये, कुणाची लिंबात, कुणाचे दोर निलगिरीत. सगळ्यांचे सगळे धडे त्या एका हॉलमध्ये एकमेकांत कालवले गेले होते. जो तो आपला रुमाल नाकाशी धरायचा, आणि शेजाऱ्याचा वास यायचा.

दारात परीक्षकबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, करड्या साडीतल्या, हातात घड्याळ. सलग सात वेळा शिंकल्या. मग म्हणाल्या, "खिडक्या उघडा. सगळे रुमाल बाहेर. आत्ताच्या आत्ता." एक प्लास्टिकची बादली रांगांमधून फिरली. रुमाल, कापूस, एकाच्या मोज्यात लपवलेली बाटली, सगळं बादलीत. मी चष्मा पुढे केला आणि सांगितलं कुणाचा आहे ते. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बहुधा माझ्याही अंगाला तोच वास होता.

"हे प्रकरण तुमचं का?"

"हो," मी म्हटलं. "पण मी एक थेंब सांगितला होता."

त्यांनी बादली माझ्या हातात दिली. "मग घेऊन जा."

मी गेले नाही. व्हरांड्यात बादली ठेवली आणि दाराच्या काचेतून बघत राहिले. भावोजींनी चष्मा घातला. प्रश्नपत्रिका उलटी करून पाहिली, सुलटी केली. पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा पडला होता की मला आत जाऊन त्यांच्या शेजारी बसावंसं वाटलं. माझीच चूक होती. मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. त्या माणसाने पुस्तक डोक्यात नाही, माझ्या बाटल्यांत ठेवलं होतं, आणि त्या बाटल्यांतलं तेल आता माझ्या पायाशी बादलीत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणीच लिहीत नव्हतं. एकतीस माणसं छताकडे बघत होती.

मग भावोजींनी डोळे मिटले. नाक नाही फुरफुरलं. उजवा हात मात्र उचलला गेला आणि हवेतच काहीतरी फिरवायला लागला. हळूहळू, अंदाज घेत. मग डावा हात आला, त्याने काहीतरी धरलं. बोटं एका न दिसणाऱ्या दोरावरून फिरली, थांबली, मोजायला लागली. त्यांनी डोळे उघडले, पेन उचललं आणि लिहिलं. परत डोळे मिटले, परत हात वर. आता झाकण काढत होते. मला ते झाकण दिसत होतं हो, शपथेवर सांगते.

शेजारच्याने बघितलं. त्यानेही हात उचलले. मग त्याच्या मागच्याने. घुम्या तर उभाच राहिला, दोन्ही हातांनी एक दार सरकवलं, फट बघितली, बसला आणि लिहिलं. थोड्याच वेळात सगळा हॉल हवेत कामाला लागला होता. कुणी पाना फिरवत होतं, कुणी वाकून खाली बघत होतं, कुणी ब्रेक सोडत होतं. परीक्षकबाई घड्याळ विसरून बघत होत्या. एकदा त्यांनी तोंड उघडलं, बहुधा गप्प बसा म्हणायला, पण कुणी बोलतच नव्हतं, तेव्हा मिटलं.

आठ दिवसांनी निकाल लागला. भावोजींना एकाहत्तर. घुम्याला सहासष्ट. एकतीसपैकी अठ्ठावीस पास, आणि उरलेल्या तिघांना पुन्हा बसायची परवानगी. ताईचा जीव भांड्यात पडला. तिने गोड केलं, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनाही बोलावलं. आजोबा भावोजींपासून जरा लांबच बसले. भावोजी हसले, जेवले, सगळ्यांशी हात मिळवले. मी म्हटलं, "आता तरी म्हणा, मेहुणीचं दुकान हवेचं नाही." ते म्हणाले, "हवेचंच आहे. पण हवा चांगली आहे." हे ऐकून मला आकाश ठेंगणं झालं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ताईचा फोन आला. "ये. हे बूट घालून बसलेत आणि उठत नाहीत."

मी गेले. भावोजी स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. निळा पोशाख, बूट, टोपी. समोर एक कागद. अर्ज होता. माझी नेमणूक स्टोअरमध्ये करावी, ही विनंती.

"अहो, पास झालात ना?" ताई म्हणाली. "एकाहत्तर मिळाले!"

"एकाहत्तर हातांना मिळाले," भावोजी म्हणाले. "माझे हात काम विसरलेले नाहीत, ते मला कळलं. पण अगं, त्या दिवशी बटण दाबायला हातच विसरला होता. मग या एकाहत्तराचं मी काय करू? परत विसरलो तर? आणि त्या वेळी घुम्या मागे नसला, खाली असला तर?" त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मी एक माणूस मारेन. माझा माणूस."

माझ्याकडे दुकानभर तेलं आहेत, पण यावर एकही नव्हतं. ताईने फोन उचलला आणि घुम्याला बोलावलं.

तो दहा मिनिटांत आला. हत्यारांची पिशवी खांद्याला, टोपी हातात. ताईने खुर्ची दिली, बसला. भावोजींनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. घुम्याने तो सावकाश वाचला. परत वाचला. मग म्हणाला, "वहिनी, पेन."

ताईने पेन दिलं. त्याने भावोजींच्या सहीखाली आपलं नाव लिहिलं, स्वतःची सही केली आणि कागद परत सरकवला. आता तो दोघांचा अर्ज झाला होता.

"हे काय?" भावोजी उठलेच. "तू कशाला? तू कुठे विसरलास?"

"सात वेळा," घुम्या म्हणाला.

"काय सात वेळा?"

"बटण." घुम्याने टोपी टेबलावर ठेवली. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती, तो शब्द शोधत होता. "बेकरीच्या इमारतीत एकदा. जुन्या बँकेत दोनदा. मुलगी आजारी होती तेव्हा, त्या एका आठवड्यात तीनदा. आणि आत्ता, परीक्षेच्या आदल्या दिवशी."

"आणि मग? तू तर जिवंत आहेस."

"हो ना."

"मग बटण दाबलं कुणी?"

घुम्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. भावोजी बसले. कपाळाला आठ्या घालून आठवायला लागले. बेकरी. बँक. परीक्षेचा आदला दिवस. काहीच हाती लागत नव्हतं, ते दिसत होतं. हातसुद्धा उचलून पाहिला त्यांनी, हवेत, बटण दाबायचा. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "मी?"

"मग तिथे दुसरं कोण असतं रे?"

"मला आठवतच नाही."

"मला आठवतं," घुम्या म्हणाला.

ताई रडायला लागली. मीही. भावोजींनी कागद उचलला, दोन्ही सह्यांवरून एकदा अंगठा फिरवला आणि त्याचे चार तुकडे केले. घुम्याने पिशवी खांद्याला लावली, भावोजींची पिशवीही उचलली आणि दारात जाऊन उभा राहिला.

"चल," म्हणाला. "चौकातली लिफ्ट बंद आहे. सहावा मजला. लोक खोळंबलेत."

आणि दोघं कामावर गेले.